खर्चवहीतली नोंद

आमच्याकडे पाळकाला मोरुती म्हणतात, म्हणजे शिकवणारा.
मेंढरं राखणाऱ्याला शब्द वेगळा : मोदिसा.
तो आम्ही अनवाणी पोरांसाठी ठेवलाय.
देवळात फक्त देवाला लावतो.

मी हा-रामोखेलेच्या मंडळीचा खजिनदार.
बावीस वर्षं जोहान्सबर्गच्या खाणीत काढून
मालोतीच्या डोंगरात परतलो, मेंढ्या घेतल्या
आणि ही वही हाती आली.
दशांश, रॉकेल, घंटेचा दोर,
प्रभुभोजनाचा द्राक्षारस. पै न् पै मांडलेली.

मोरुती लेबुसा आला तेव्हा
त्याचे बूट बघून मला बरं वाटलं.
चकचकीत बूट म्हणजे वेळेवर उपासना.
तीन महिने तो छान शिकवत होता,
आम्ही छान ऐकत होतो,
कुणाचं काही अडत नव्हतं.

मग ऑगस्टातलं ते बर्फ.
रविवारी बाकांवर त्रेसष्ट माणसं, ब्लँकेटांत गुंडाळलेली,
आणि व्यासपीठ रिकामं.
गायकांनी तेच गीत तिसऱ्यांदा उचललं
तेव्हा मे मोसेलेनं बातमी आणली :
पहाटेच निघाला, वरच्या तळावर, रॉकेलचा डबा घेऊन.
डबा मंडळीचा होता.
मी वही उघडली. रकाना सापडेना.

वरच्या तळावरच्या मेंढ्या माझ्या होत्या.
हे इथंच सांगून टाकतो.
राखायला एक पोरगं ठेवलं होतं,
वर्षाला बारा मेंढ्यांच्या बोलीवर.
कुणाचं, कुठलं, विचारलं नव्हतं.

मंगळवारी उतरला, लंगडत,
बुटांचे तळ सुतळीनं बांधलेले.
मी वाटेतच गाठला.
“किती गेल्या?”
“एकवीस.”
मग तो माझ्याकडे बघत उभा राहिला,
मागून अजून कुणी यायचंय म्हणून माणूस दार धरून थांबतो, तसा.
दुसरा प्रश्न मला सुचला नाही.
“तेफो,” शेवटी तोच म्हणाला. “तेफो नाव आहे त्याचं. जगलाय.”

तेफो म्हणजे मोबदला.
ठेवतात आमच्यात असं नाव.

बाकीचं तुकड्यातुकड्यानं कळलं, तेही पोराकडून.
खाली यायला तेच तयार नव्हतं :
मेंढ्या टाकून आलो तर मालक मजुरी कापेल.
मालक म्हणजे मी.
मोरुतीनं समजावलं, वचनं सांगितली.
पोर म्हणालं, बोलणं पुरे, दगड उचल.
मेंढवाड्याला दार नसतं, नुसती फट असते,
तिथं आडवं पडायचं,
पाठ बर्फाकडे, पोट मेंढरांकडे.
दोन रात्री ते आळीपाळीनं दार झाले.
अंधारात मोजायचं कसं, तेही पोरानं दाखवलं :
एकेकीचा कान चाचपून.
“आणि तुला साबणाचा वास येतोय,” म्हणालं,
“त्यानं बिचकतात त्या.”

पुढच्या रविवारी उपदेश मधेच अडकला
आणि तिथंच संपला.
झग्याला लेंड्यांचा, धुराचा वास.
पुढच्या बाकावरच्या बायका जरा मागे सरकल्या.
मग परत पुढे आल्या.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.
वडीलमंडळींच्या सभेत प्रश्न निघाला :
भरल्या रविवारी व्यासपीठ टाकून जाणं
पाळकाच्या कामात बसतं का?
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मांडीवर वही होती.
रॉकेल, पाच लिटर. पुढे ‘प्रवास’ लिहून खोडलेलं,
‘दानधर्म’ लिहून खोडलेलं.
मी ‘राखण’ लिहिलं
आणि वही मिटली.

परवा एका वात्रट पोरानं
मागून हाक मारली त्याला : ए मोदिसा!
त्यानं वळून ओ दिली.

तेफोला बारा मेंढ्या दिल्या.
कान चाचपत मोजल्या, तो बघत होता.
एकीला त्यानं नाव ठेवलेलं, हाकेला यायची.
काय नाव रे, मी विचारलं.
सांगितलं नाही त्यानं.